सीओटूचा सिलिंडर सारखा रिकामा होतो आणि भरून कुणी देत नाही: काय तपासायचं, कुठे जायचं

"दादा, महिन्यात दुसऱ्यांदा सिलिंडर संपला. इथे गॅस स्वस्तात कुठे मिळतो?" शिकागोच्या आसपास घरी बिअर बनवणाऱ्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न मला सतत येतो. बाटल्या धुण्याचा कंटाळा येतो, माणूस केग घेतो (बिअर भरायचं पोलादी पिंप, ज्यातून बिअर सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसच्या दाबाने नळातून बाहेर येते), पहिले एक-दोन केग मजेत जातात आणि मग गॅसचं दुखणं मागे लागतं. कुणाला दुकान सापडत नाही, कुणाला दुकानदार परत पाठवतो, तर कुणाचा भरलेला सिलिंडर आठवड्याभरात खडखडीत होतो. तेव्हा सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पाच पाउंडांचा सिलिंडर दोन-तीन केगमध्ये संपत असेल, तर स्वस्त दुकान शोधून काही होणार नाही. आधी गळती शोधायला हवी. आणि दुकानदार भरून द्यायला तयार नसेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा सिलिंडरच्या खांद्यावरच ठोकलेलं असतं. या दोन गोष्टी मार्गी लागल्या की गॅस कुठून आणायचा हा प्रश्न खूपच सोपा होतो.

वजनकाट्यावर ठेवा, दाबाच्या गेजवर विसंबू नका

सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड बव्हंशी द्रवरूपात असतो. आपल्या घरच्या स्वयंपाकाच्या गॅससारखंच आहे हे: टाकी उचलून, हलवून अंदाज घ्यायचा, कारण आतला दाब किती उरलंय ते सांगत नाही. द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करून केगला देणारं उपकरण, त्यावरचा मोठा गेज सिलिंडरमधला दाब दाखवतो. २०-२१ अंश सेल्सिअसला या मोठ्या गेजचा काटा ८३० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पाउंड, हे दाबाचं माप) आसपास असतो. तोच सिलिंडर ३ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवला की काटा ५३० च्या आसपास येतो. पुष्कळ जण हे बघून घाबरतात आणि गॅस गळतोय असं समजतात. गळत काही नसतं, सिलिंडर थंड झालेला असतो, इतकंच.

म्हणून वजन करायचं. सिलिंडरच्या खांद्यावर टीडब्ल्यू अशी अक्षरं आणि पुढे आकडा ठोकलेला असतो, ते रिकाम्या सिलिंडरचं वजन. पाच पाउंडांच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं हे वजन बहुधा आठ पाउंडांच्या आसपास असतं, पण तुमच्या सिलिंडरवरचाच आकडा धरा. रेग्युलेटर काढून वजनकाट्यावर ठेवा, टीडब्ल्यू वजा करा, उरेल तो गॅस. भरून आणल्याच्या दिवशी वजन लिहून ठेवा आणि दर आठवड्याला एकदा बघा. सामान तोलायचा हुक असलेला काटा बॅगांसाठी प्रत्येकाच्या घरी असतोच, तो पुरतो. दर वेळी रेग्युलेटर काढायचा नसेल तर त्याच्यासकटचं वजन लिहून ठेवा, फरकच तर काढायचाय.

द्रव संपला की मग गेजचा काटा खाली यायला लागतो. त्या क्षणी फ्रिजमधल्या पाच पाउंडी सिलिंडरमध्ये साधारण ३५० ग्रॅम गॅस उरलेला असतो. म्हणजे दोनेक केगचं काम होतं. काटा हलला म्हणून त्याच संध्याकाळी धावत सुटायची गरज नाही, पण त्या आठवड्यात सोय करायला हवी.

मुळात गॅस किती लागायला हवा?

हा हिशोब प्रत्येकाने एकदा करून बघावा, कारण गळती आहे की नाही ते इथेच कळतं.

पाच गॅलनचा म्हणजे १९ लिटरचा कॉर्नी केग (घरी बिअर बनवणारे वापरतात तो) धरू. बिअरमध्ये साधारण २.५ व्हॉल्यूम गॅस हवा, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट. १ लिटर गॅसचं वजन २ ग्रॅमपेक्षा किंचित कमी भरतं. आंबवण संपलेल्या बिअरमध्ये ०.८-०.९ व्हॉल्यूम गॅस आधीचाच असतो, तेव्हा वरून घालायचा राहतो साधारण ६० ग्रॅम. पुढे ती बिअर नळातून बाहेर ढकलायला १२ पीएसआयवर आणखी ६५-७० ग्रॅम लागतो, कारण केग रिकामा होतो तेव्हा तो पूर्ण गॅसने भरलेला असतो. झाले १३० ग्रॅम. केग भरण्याआधी आतली हवा काढायला तुम्ही सॅनिटायझर (जंतुनाशक द्रव) भरून तो गॅसने बाहेर ढकलत असाल, तर आणखी ५० ग्रॅम धरा. अधूनमधून झाकणावरचा व्हॉल्व्ह ओढून सोडलेला, लाइन म्हणजे नळ्या धुताना वापरलेला, असा सगळा मिळून सढळ हाताने २५० ग्रॅम.

पाच पाउंड म्हणजे २२७० ग्रॅम. म्हणजे काटकसरीने १५ च्या पुढे आणि सढळपणे नऊ केग एका सिलिंडरमध्ये व्हायला हवेत. तुमचे चार होत असतील तर उरलेला गॅस हवेत गेला. त्याचे पैसेही गेले आणि तळघरात तो साठला असेल तर जिवालाही धोका.

गळती शोधायची पद्धत

साबणाचं पाणी फवारून बुडबुडे बघायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सगळीकडे फवारत बसलं तर बारीक गळती हमखास सुटते. त्यापेक्षा एकेक टप्पा वेगळा काढून दाब टिकतो का ते बघा, आणि टिकत नसेल त्याच टप्प्यात साबण लावा.

पहिला टप्पा, फक्त सिलिंडर आणि रेग्युलेटर. रेग्युलेटरच्या तोंडाचा छोटा व्हॉल्व्ह बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग घट्ट बंद करा. दोन्ही काट्यांच्या जागा लिहून ठेवा. रात्रभर तसंच ठेवा. मोठ्या गेजचा काटा पडला, तर दोष सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडात आहे. इथे सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार ठरतो तो सीजीए ३२० जोडातला (सिलिंडरला रेग्युलेटर जिथे बसतो तो अमेरिकेतला प्रमाणित जोड) चपटा वॉशर. तो नायलॉनचा किंवा फायबरचा असतो, एकदा दाबला गेला की त्याच जागी पुन्हा बसत नाही, आणि सिलिंडर बदलताना दर वेळी तोच जुना वॉशर वापरला जातो. नवा काही सेंटमध्ये मिळतो, पाचदहा आणून ठेवा. काही रेग्युलेटरमध्ये ओ-रिंग (गळती रोखणारं लवचिक गोल कडं) आतच बसवलेली असते, तिथे वर आणखी वॉशर घातला तर उलट गळतं, हेही बघून घ्या. नट पान्याने आवळायचा, हाताने नाही.

दुसरा टप्पा, लाइन आणि मॅनिफोल्ड (एका नळीतला गॅस अनेक केगना वाटणारा तुकडा). केग जोडू नका. लाइनमध्ये दाब भरा, सिलिंडर बंद करा, रात्रभर ठेवा. इथे काटा पडला तर नळीचे क्लॅम्प, नळ्या जोडायचे पुश-फिट तुकडे आणि डिस्कनेक्टचे (नळीच्या टोकाचा, केगवर झटकन बसणारा जोड) आटे बघा. पुश-फिटमध्ये नळी तिरकी कापलेली असली की गळणारच, ती काटकोनात कापायला हवी. डिस्कनेक्टच्या स्क्रूच्या जोडात आत पांढरा छोटा नायलॉन वॉशर लागतो. नळीचं तोंड धातूचं असेल आणि तो वॉशर नसेल, तर कितीही आवळा.

तिसरा टप्पा, एकेक केग. इथे एक मोठी फसगत होते. नुकती भरलेली बिअर स्वतःच गॅस पिते, तेव्हा काटा खाली येणारच. ती गळती नाही. म्हणून ही चाचणी रिकाम्या किंवा पूर्ण गॅस भरून झालेल्या केगवरच घ्या.

कॉर्नी केगचं झाकण हे वेगळंच प्रकरण आहे. झाकणाखालची जाड ओ-रिंग आतून दाब आला की बसते. ३० पीएसआयला ती चपखल बसलेली दिसते आणि १० पीएसआयला उतरवलं की कडेने अगदी बारीक, टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागतात, एकाच जागी, बहुतेक वेळा खिटीच्या उजव्या किंवा डाव्या खांद्यापाशी. झाकण थोडं फिरवून बसवलं तर कधी कधी थांबतं. नाहीच थांबलं तर ओ-रिंगला खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, तेवढ्यानेही भागलं नाही तर मऊ सिलिकॉनची ओ-रिंग घ्या. जुन्या, पोचे आलेल्या केगला तीच लागते. मी ओ-रिंगवर कधीच काटकसर करत नाही, तुम्हीही करू नका.

मग दोन्ही पोस्ट, म्हणजे केगवरची गॅस आत जायची आणि बिअर बाहेर यायची तोंडं. पोस्टच्या बाहेरची ओ-रिंग दिसते म्हणून ती सगळे बदलतात. आत, गॅसच्या छोट्या डिप ट्यूबच्या (पोस्टखालून केगमध्ये उतरणारी नळी) गळ्याभोवती आणखी एक असते, ती पोस्ट खोलल्याशिवाय दिसतच नाही. ती विसरली जाते. आणि राखाडी डिस्कनेक्ट गॅसचा, काळा बिअरचा. गॅसच्या पोस्टला खाली खाचा असतात. उलटसुलट बसवला की जबरदस्तीने बसतो खरा, पण गळतो आणि निघता निघत नाही.

शंका राहिलीच तर रिकाम्या केगमध्ये दाब भरा आणि तो उलटा करून त्याचं तोंड पाण्याच्या बादलीत बुडवा. यापुढे कुठलीही गळती लपत नाही.

हे सगळं होईपर्यंत एक सवय लावून घ्या. बिअरमध्ये गॅस भरून झाला की सिलिंडर बंद करायचा, प्यायच्या वेळी उघडायचा. नळ किंवा काळा डिस्कनेक्ट रात्री ठिबकला तर आधी सगळी बिअर फ्रिजच्या तळाला आणि मागून सगळा गॅस, असं दुहेरी नुकसान होतं. सिलिंडर बंद असेल तर निदान थोडक्यात भागतं.

दुकानदार भरून का देत नाही

आता बाजाराकडे. सिलिंडर घेऊन खिडकीपाशी उजेडात बसा आणि त्याच्या खांद्यावरची अक्षरं वाचा. डीओटी (अमेरिकेचं परिवहन खातं) ३एएल १८०० असं असेल तर तो ॲल्युमिनियमचा, १८०० पीएसआय सेवादाबाचा. ३एए असेल तर पोलादी. मग अनुक्रमांक, टीडब्ल्यू, आणि महिना व वर्ष, मध्ये तपासणी करणाऱ्याची खूण. तो महिना-वर्ष म्हणजे शेवटच्या हायड्रो टेस्टचा. अमेरिकेत या सिलिंडरांची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते. तारीख उलटली असेल तर कुठलाही परवानाधारक दुकानदार भरणार नाही, आणि त्याने भरूही नये. आत आधीचा गॅस असेल तर तो तुम्ही संपवू शकता, फक्त पुन्हा भरता येत नाही.

तारीख उलटलेला सिलिंडर टाकून द्यायचा नसतो. टेस्ट करून घ्या, किंवा अदलाबदली करणाऱ्या दुकानात नेऊन विचारा. काही जण थोडी जादा रक्कम घेऊन जुना ठेवून घेतात आणि तारखेतला देतात.

दुसरं कारण मालकीचं. सिलिंडरच्या गळ्याभोवतीच्या कड्यावर एखाद्या गॅस कंपनीचं नाव ठोकलेलं असेल, तर तो सिलिंडर त्या कंपनीचा, भाड्याने दिलेला असतो. इंटरनेटवरून किंवा गॅरेज सेलमधून स्वस्तात मिळालेले सिलिंडर पुष्कळदा असे निघतात. दुसरी कंपनी त्याला हात लावत नाही. सेकंडहँड घेताना पैसे देण्याआधी हे कडं आणि टेस्टची तारीख, दोन्हींचे फोटो मागवा. विकणारा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

कुणाकडे जायचं

वेल्डिंगचं सामान विकणारी दुकानं हा सगळ्यात भरवशाचा पर्याय. एअरगॅस, लिंडे, मॅथेसन अशा मोठ्या कंपन्यांच्या शाखा शहराबाहेरच्या औद्योगिक भागात असतात, आणि त्यांच्या जोडीला लहान, घरगुती धाटणीची दुकानंही. बहुतेक ठिकाणी अदलाबदली चालते: तुमचा रिकामा ठेवायचा, त्यांचा भरलेला घ्यायचा. वेळ मात्र कारागिरांची, म्हणजे सकाळी लवकर उघडतात, दुपारी चार-पाचला बंद, शनिवारी अर्धा दिवस किंवा नाहीच. फोन करून सरळ विचारा: पाच पाउंडांचा सीओटू सिलिंडर, माझा स्वतःचा आहे, बेव्हरेज ग्रेड (खाद्यपेयाच्या दर्जाचा) मिळेल का, अदलाबदली की भरून? या एका वाक्याने तुमचा अर्धा दिवस वाचतो.

अदलाबदलीत एकच गोष्ट मनाशी पक्की करा: नवा कोरा चकचकीत सिलिंडर दिला तर तो परत मिळणार नाही. पोचे आलेला, रंग उडालेला पोलादीही हातात येऊ शकतो. त्यात काही बिघडत नाही, गॅस तोच, फक्त मिळणाऱ्या सिलिंडरची टेस्टची तारीख काउंटरवरच वाचा. दोन महिन्यांत तारीख संपणारा सिलिंडर घेऊ नका, तो खर्च पुढे तुमच्या गळ्यात पडतो. ज्यांना आपलाच सिलिंडर जपायचाय त्यांनी भरून देणारं दुकान शोधावं.

भरून देणारे म्हणजे मुख्यतः अग्निशामक सिलिंडरांची देखभाल करणारी दुकानं आणि घरी बिअर बनवायचं सामान विकणारी काही होमब्रूची दुकानं. अग्निशामकवाल्यांकडे मोठी टाकी असते, अर्ध्या तासात समोर भरून देतात, सिलिंडर हातात येतो तेव्हा बर्फासारखा गार असतो. त्यांच्याकडे जाताना दोन प्रश्न विचारा. टाकीतला गॅस खाद्यपेयाच्या दर्जाचा आहे का? आणि वजन करून भरता का? सीओटूचा सिलिंडर पूर्ण भरायचा नसतो. त्यात जेवढं पाणी मावेल त्याच्या वजनाच्या ६८ टक्केच गॅस भरायचा, कारण ऊन लागलं की द्रव फुगतो. जास्त भरलेल्या सिलिंडरची सुरक्षा चकती उन्हात फुटते आणि सगळा गॅस काही क्षणांत बाहेर येतो. घरी आल्यावर वजन टीडब्ल्यू अधिक पाच पाउंडांहून जास्त भरलं तर परत जा.

अग्निशामकाच्या दुकानातून सिलिंडरच विकत घेत असाल तर जास्त सावध राहा. अग्निशामकाच्या सिलिंडरमध्ये तळापर्यंत जाणारी नळी असते, कारण तिथे द्रवच बाहेर हवा असतो. तो रेग्युलेटरला लावला तर द्रव कार्बन डायऑक्साइड थेट रेग्युलेटरमध्ये घुसतो आणि त्याची वाट लागते. काही औद्योगिक सिलिंडरही असे असतात, त्यांच्यावर सायफन असं लिहिलेलं असतं. केगसाठी सायफनवाला कधीही नाही. याच कारणासाठी आपला साधा सिलिंडरही वापरताना उभाच ठेवायचा, आडवा नाही.

दर्जाबद्दल नेहमी वाद होतात. खाद्यपेयाच्या दर्जाचा गॅस किमान ९९.९ टक्के शुद्ध असतो, औद्योगिक साधारण ९९.५. प्रश्न त्या अर्ध्या टक्क्याचा नाही, त्यात काय आहे याचा आहे. पेयाच्या दर्जात बेंझीनची मर्यादा अब्जात २० भाग, गंधकाच्या संयुगांची दशलक्षात ०.१ भाग, ऑक्सिजनची दशलक्षात ३० भाग अशी बांधून दिलेली असते. कितीतरी दुकानदार सांगतात की दोन्ही एकाच टाकीतून भरतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. तरी मी कागदावर बेव्हरेज ग्रेड लिहून घेतो. पोटात जाणारी गोष्ट आहे. शिवाय अदलाबदलीतला सिलिंडर आधी कुठे, कशाला लागला होता याची जबाबदारी निदान कुणीतरी घेतलेली असते.

भावाचं म्हणाल तर पाच पाउंड भरण्याचे जेवढे पैसे पडतात, त्याहून थोडेच जास्त २० पाउंडांना पडतात, कारण दुकानदार गॅसपेक्षा आपल्या कष्टाचे घेतो. जागा असेल, फ्रिजच्या बाहेर सिलिंडर उभा राहू शकत असेल, तर वीसचा घ्या आणि पाचचा जवळ राखीव ठेवा. यापेक्षा जास्त पैसे वाचवणारा उपाय मला तरी ठाऊक नाही.

गाडी आणि तळघर

हा भाग कृपा करून वगळू नका. पाच पाउंड गॅस मोकळा झाला तर सव्वा घनमीटरच्या आसपास होतो. म्हणजे साध्या गाडीच्या आतल्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड हीच जिवावर बेतणारी पातळी मानतात, आणि कामाच्या जागी आठ तासांसाठी मर्यादा आहे ०.५ टक्के. सिलिंडर नेताना आधाराला बांधा, काचा उघड्या ठेवा, वाटेत किराणा घ्यायला थांबू नका, उन्हातल्या बंद गाडीत तर कधीच ठेवू नका. सोबत मुलं असतील तर ती फेरी पुढे ढकला.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तळघरात, आणि वरून उघडणाऱ्या चेस्ट फ्रीजरमध्ये तो खाली साठतो. आत वाकून डोकं घालण्याआधी झाकण उघडून थोडा वेळ जाऊ द्या. डोकं दुखतंय, श्वास जलद चाललाय असं वाटलं तर विचार करत बसू नका, आधी वर मोकळ्या हवेत या. तळघरात २० पाउंडांचा सिलिंडर ठेवणाऱ्याने कार्बन डायऑक्साइडचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरोघरी असतो, तो इथे उपयोगाचा नाही.

तात्पुरती सोय

शुक्रवारी संध्याकाळी गॅस संपला, पाहुणे उद्या, दुकान सोमवारी उघडणार. अशा वेळी सोडास्ट्रीमचा सिलिंडर कामाला येतो. त्यात ४१० ग्रॅम गॅस असतो, दोनेक केगचं काम होतं. आटे वेगळे असल्याने ॲडॅप्टर लागतो, आणि आट्यांचा जुना प्रकार व नवा झटपट बसणारा प्रकार यांना वेगवेगळे, तेव्हा आपल्याकडे कोणता आहे ते बघून घ्या. ग्रॅममागे महागच पडतो. १६ ग्रॅमची छोटी काडतुसं बाहेर पिकनिकला अर्धा केग रिकामा करायला ठीक, घरी परवडत नाहीत.

कोरडा बर्फ केगमध्ये टाकून झाकण लावायची कल्पना कुणीतरी दर उन्हाळ्यात मांडतं. करू नका. बंद भांड्यात त्याचा दाब कुठपर्यंत जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही आणि केग फुटू शकतो.

गॅसच बाजारात नसेल तेव्हा

आपण वापरतो तो गॅस हवेतून काढत नाहीत. तो खत कारखान्यांतल्या अमोनियाच्या प्रक्रियेतून, मक्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांतून किंवा जमिनीखालच्या नैसर्गिक साठ्यांतून येतो. म्हणजे बहुतेक करून तो दुसऱ्या कुठल्यातरी धंद्याचा जोडउत्पाद आहे, आणि त्या धंद्याला शिंक आली की आपली बिअर सपक होते. २०२० च्या वसंतात गाड्या उभ्या राहिल्या, पेट्रोलची मागणी पडली, इथेनॉलचे कारखाने थांबले आणि गॅसची टंचाई झाली. २०२२ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतल्या जॅक्सन डोम या नैसर्गिक साठ्याच्या गॅसमध्ये अशुद्धता आढळली आणि कितीतरी छोट्या ब्रुअरींना गॅस मिळेनासा झाला. ब्रिटनमध्ये २०१८ ला ऐन फुटबॉल विश्वचषकात आणि पुन्हा २०२१ च्या सप्टेंबरात, नैसर्गिक वायू महागल्याने खत कारखाने बंद पडले तेव्हा, हेच झालं.

यात उन्हाळा पुन्हा पुन्हा येतो तो उगाच नाही. खताचा हंगाम संपला की अमोनियाचे कारखाने दुरुस्तीसाठी बंद होतात, आणि नेमकी तेव्हाच शीतपेयं, बिअर आणि कोरड्या बर्फाची मागणी शिगेला पोचते. टंचाईत दुकानदार आधी रुग्णालयांना आणि मोठ्या गिऱ्हाइकांना देतो, आपला नंबर शेवटी. तो त्याच्या जागी बरोबरच आहे. तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच दोन्ही सिलिंडर भरून ठेवा.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत घरच्यापुरती बिअर बनवायला १९७९ पासून संघराज्याच्या कायद्याने मुभा आहे, एका प्रौढासाठी वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरासाठी २००, विक्री मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे तिथे हे करा असं मी सांगणार नाही. पण हाच केग, हाच सिलिंडर सोड्याला, लिंबू-आल्याच्या सरबताला, कोकमाला तितकाच उत्तम चालतो, आणि गळतीची सगळी पद्धत जशीच्या तशी लागू पडते. फक्त इथून रेग्युलेटर घेऊन जाऊ नका. भारतातल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे आटे वेगळे असतात, तिथलाच घ्या, आणि खाद्यपेयाच्या दर्जाचा गॅस तिथेही मागूनच घ्यावा लागतो.

यीस्टचा गॅस

टंचाई असो वा नसो, हा मार्ग मला मनापासून आवडतो. १.०५० घनतेपासून (पाण्याची १ धरून) सुरू झालेली १९ लिटर बिअर आंबताना साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार करते. म्हणजे तीच बिअर केगमध्ये भरून प्यायला जेवढा लागतो त्याच्या पाचपट, आणि तो आपण एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं बूच) बुडबुड करत सोडून देतो.

फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) तोंडातून निघणारी नळी स्वच्छ, सॅनिटाइझ केलेल्या रिकाम्या केगच्या काळ्या पोस्टला जोडा. गॅस लांब डिप ट्यूबमधून तळाशी जातो, जड असल्याने हवेला वर ढकलतो, आणि हवा राखाडी पोस्टमधून बाहेर पडते. तिथे दुसरी नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बरणीत सोडा. आंबवण संपेपर्यंत केग आतून स्वच्छ धुतल्यासारखा गॅसने भरलेला असतो. सॅनिटायझर ढकलायचे ५० ग्रॅम वाचले.

केगमध्ये बिअर भरताना साखरही घालता येते, बाटल्यांना घालतो तशीच. एका ग्रॅम साखरेपासून साधारण अर्धा ग्रॅम गॅस होतो. १९ लिटरला ७० ते ९० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून घाला. कमी वाटलं तर सिलिंडरने वरून भर घालता येते, जास्त झालं तर नुसता फेस येत राहतो, म्हणून हात आखडता ठेवा. पण साखर घातल्यावर झाकण लावून एकदा सिलिंडरने ३० पीएसआयचा दाब द्याच. यीस्टचा दाब इतक्या हळू वाढतो की झाकणाची ओ-रिंग बसायच्या आधीच सगळा गॅस कडेने निघून जातो आणि दोन आठवड्यांनी बिअर सपक मिळते. साखर घातलेला केग फ्रिजमध्ये नाही, घरातल्या साध्या तापमानाला दोन आठवडे ठेवायचा, मग थंड करायचा. अशा केगला मुख्यतः बिअर ढकलण्यापुरता, ६५-७० ग्रॅम गॅस सिलिंडरमधून लागतो. पहिल्या पेल्यात थोडा यीस्टचा गाळ येतो, तो ओतून द्यायचा.